पहिल्यांदाच माणसं जेवायला बोलावताय? मग हे आधी वाचा

घरी माणसं बोलवायची म्हटलं की नवीन माणसाचा सगळा वेळ "काय करू, किती पदार्थ करू" ह्यातच जातो. मग ऐनवेळी होतं काय, की आलेली मंडळी बाहेर गप्पा मारतायत आणि स्वयंपाक करणारा आत घामाघूम होऊन एकेक गरम गरम आणून वाढतोय, आणि सगळ्यांचं उरकलं की एकटाच बसून गार झालेलं जेवतोय. मला हे अजिबात बघवत नाही. ज्याने बोलावलं तोच टेबलावर नसेल तर बोलावलं कशाला? म्हणून ह्या अख्ख्या लेखात मी एकच गोष्ट धरून बसणारे: ज्याने रांधलं तो पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत सगळ्यांबरोबर बसलेला पाहिजे. पदार्थ कुठला, माणसं किती, काय आदल्या दिवशी करायचं आणि काय नंतर, हे सगळं त्यावरूनच ठरवायचं.

खाली एक पूर्ण बेत दिलाय, अख्ख्या मसुराचा दाट रस्सा आणि भात, सहा जणांना पोटभर. तुम्हाला दुसरं काही करायचं असेल तर खुशाल करा, क्रम तोच ठेवा.

पायरी १: आधी माणसं, मग पदार्थ

पहिल्या वेळी तुम्ही धरून सहा, त्याच्यावर नको. चार असतील तर उत्तमच. कारण भांड्याचं आणि खुर्च्यांचं आहेच, पण खरं कारण गप्पांचं आहे. रॉबिन डनबार म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या नेहमीच्या गप्पा बघितल्या तर असं दिसलं की एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात, पाचवा आला की थोड्या वेळात गट फुटतो. सहा जणांत गट फुटला तरी तीन-तीनचे दोन होतात आणि परत एकत्र येतात, पण दहा जण झाले की कडेला बसलेला कोणीतरी हमखास एकटा पडतो, ना इकडच्या बोलण्यात ना तिकडच्या, नुसता ताटात बघत बसतो. आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला तुम्हाला वेळ नसतो कारण तुम्ही दहा जणांचं वाढताय.

कोणाला बोलवायचं? एकमेकांना ओळखणारे दोघं-तिघं असू देत म्हणजे सुरुवातीची शांतता जड होत नाही, आणि एक तरी असा घ्या जो एरवी एकटाच जेवतो. नवीन शहरात आलेला असेल, घरचे लांब असतील, नाहीतर घर नुकतंच रिकामं झालेलं असेल. अशी माणसं वाटतात त्यापेक्षा खूप जास्त आहेत. २०२५ च्या वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टमध्ये अमेरिकेचा आकडा आलाय, की २०२३ मध्ये तिथे चारातल्या साधारण एका माणसाने आदल्या दिवसाची सगळी जेवणं एकट्याने घेतली होती, आणि हे प्रमाण २००३ पेक्षा ५३ टक्क्यांनी वाढलंय. आपल्या ओळखीत असं कोण आहे हे दोन मिनिटं विचार केला तरी आठवतं. त्याला बोलवा.

मेसेज साधा आणि स्पष्ट करा: "शनिवारी साडेसातला घरी ये, आठला जेवायला बसू, साधंच मसूर-भात आहे, काही चालत नसेल तर आत्ताच सांग." काय करणार ते आधी सांगितलं की समोरच्याची अपेक्षा तिथेच बसते आणि तुमचं अर्धं टेन्शन जातं. "काही चालत नसेल तर" हे मात्र मनापासून विचारायचं, नुसतं म्हणायचं म्हणून नाही. शेंगदाणे, सुकामेवा, दूध, अंडी, गहू, मासे ह्यांची ॲलर्जी बऱ्याच जणांना असते आणि काहींना तर तोच चमचा दुसऱ्या भांड्यात गेला तरी त्रास होतो. मसूर-भाताचा फायदा असा की ह्यातलं एकही त्यात नाही, आणि मांसाहार न करणाराही खातो.

पायरी २: पदार्थाची परीक्षा घ्या

तीन प्रश्न विचारा. तो पदार्थ तासभर थांबू शकतो का? एकाच भांड्यातून डावाने वाढता येतो का? आणि तुम्ही तो आधी एकदा तरी केलाय का? तिन्हीला हो आलं तरच घ्या. तळायचं काहीही नको, तव्यावरून थेट ताटात जाणारं नको, आणि त्याच दिवशी पहिल्यांदा व्हिडिओ बघून करायचं तर अजिबातच नको. नवीन पदार्थ शिकायला आठवड्यातले बाकीचे दिवस आहेत.

"पण मसूर-भात काय वाढायचं लोकांना, फार साधं वाटेल" असं म्हणणारे खूप भेटतात. माझं उलट मत आहे. बाहेर चमचमीत सगळं मिळतं, पैसे दिले की झालं, पण मऊ, गरम, दाट, डावाने ताटात पडणारं साधं जेवण माणसाला जे देतं ते वेगळं आहे. २०११ साली जॉर्डन ट्रॉयझी आणि शिरा गॅब्रिएल ह्या दोघांनी ह्यावर प्रयोग केले होते. त्यांना असं आढळलं की अशा जिव्हाळ्याच्या पदार्थांचं नातं आपल्या मनात आपल्या माणसांशी जोडलेलं असतं, आणि तो पदार्थ खाल्ला किंवा नुसता आठवला तरी ती माणसं मनात जागी होतात. वासाचंही तसंच आहे. नाकाकडून जाणारा संदेश मेंदूतल्या भावना आणि आठवणींच्या भागाकडे बाकीच्या इंद्रियांपेक्षा जास्त थेट जातो. दार उघडल्या उघडल्या परतलेल्या कांद्याचा वास आला की माणूस चप्पल काढायच्या आधीच सैल होतो, ते त्यामुळेच.

पायरी ३: सामान

दीड कप अख्खा मसूर (साधारण ३०० ग्रॅम), चार मध्यम बटाटे, तीन गाजरं, तीन मोठे कांदे, चार पिकलेले टोमॅटो, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, चार मोठे चमचे तेल, दीड छोटा चमचा जिरं, अर्धा चमचा हळद, एक चमचा लाल तिखट, मीठ, एक-दोन लिंबं, मूठभर कोथिंबीर. भाताला अडीच कप तांदूळ. बाजूला काकडी नाहीतर कुठलीही कच्ची कुरकुरीत भाजी, आणि शेवटी खायला फळं. झालं. गोड पदार्थाच्या मागे लागू नका, कोणी काही आणू का विचारलं तर गोड आणायला सांगा, त्यालाही बरं वाटतं.

भांडी: पाच लिटरचं जाड बुडाचं पातेलं एक, एक मोठी कढई किंवा पॅन, भाताचं घट्ट झाकणाचं भांडं. पातेलं पातळ असेल तर तळाला लागणार हे धरून चाला आणि आच कायम मंद ठेवा. कप म्हणजे २४० मिलीचा, पण तो नसेल तर घरातली एकच वाटी सगळ्याला वापरा, प्रमाण जमतं.

पायरी ४: आदल्या रात्री कांदा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

कढईत तेल तापवा, जिरं टाका, तडतडलं की बारीक चिरलेला कांदा आणि दोन चिमूट मीठ. मिठाने कांद्यातलं पाणी लवकर सुटतं. आता बऱ्याच रेसिपीत लिहिलेलं असतं "पाच मिनिटं, सोनेरी होईपर्यंत", त्यावर विश्वास ठेवू नका. तीन मोठे कांदे मध्यम आचेवर नीट परतायला २०-२५ मिनिटं लागतात, आणि ह्याला शॉर्टकट नाही. कारण सोपं आहे: कांद्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० डिग्रीच्या फारसं वर जात नाही, नुसता वाफवल्यासारखा होतो. पाणी उडालं की तापमान चढतं, १४० डिग्रीच्या आसपास गेलं की कांद्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी जोडली जायला लागतात आणि तो तपकिरी रंग, ती खमंग चव तिथून येते. लुई कामिय मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही प्रक्रिया पहिल्यांदा मांडली, त्याच्याच नावाने ती ओळखली जाते.

हे सगळं कानाने पण कळतं. सुरुवातीला कढईतून जोरात सूंऽऽ असा सलग आवाज येतो आणि भरपूर वाफ निघते, कांदा पारदर्शक होतो, मग लुळा पडतो. दहा-बारा मिनिटांनी वाफ कमी होते आणि आवाज तुटक तुटक, चटचट असा यायला लागतो, कडा पिवळसर दिसतात आणि डोळ्यांना झोंबणारा वास जाऊन गोडसर वास सुटतो. इथून पुढे कढईजवळून हलायचं नाही. तळाला तपकिरी थर धरायला लागला की दोन चमचे पाणी शिंपडून उलथन्याने खरवडायचं, तो थर म्हणजेच चव आहे, वाया घालवू नका. सगळा कांदा एकसारखा बदामी झाला आणि ढीग निम्म्याहून कमी झाला की ठेचलेलं आलं-लसूण टाका, कच्चा वास जाईपर्यंत एखाद मिनिट, मग हळद-तिखट, लगेच चिरलेला टोमॅटो. तिखट-हळद गरम तेलात पटकन करपतात आणि कडू होतात म्हणून टोमॅटो हाताशी तयार ठेवूनच ते टाकायचं. टोमॅटो पूर्ण गळून, कडेने तेल सुटेपर्यंत परता, दहा-बारा मिनिटं.

हा मसाला जरा निवला की झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये. बाकीचं सगळं सोपं आहे, खरी मेहनत इथे संपली आणि ती तुम्ही पाहुण्यांच्या आदल्या रात्री शांतपणे केलीत.

पायरी ५: त्या दिवशीचं वेळापत्रक

आठला जेवायचं असेल तर मागून मोजत या. पाचला मसूर गॅसवर. साडेसहापर्यंत रस्सा तयार आणि गॅस बंद. मग पाऊण तास तुमचा, आंघोळ करा, कपडे बदला, टेबल लावा. सव्वासातला भात चढवायचा, साडेसातला माणसं येतील, आठला दहा कमी असताना रस्सा परत गरम करायला ठेवायचा आणि आठला बसायचं. हे कागदावर लिहून ओट्यासमोर चिकटवा, पहिल्या वेळी डोक्यात ठेवायचा हट्ट नको. आणि भांडी साठू देऊ नका, सिंक रिकामं ठेवूनच दार उघडायचं, आत भांड्यांचा ढीग पडलाय हे माहीत असलं की बाहेर बसूनही अर्धं लक्ष तिकडेच राहतं.

पायरी ६: रस्सा

मसूर निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. भिजवायची गरज नाही, दाणा लहान आणि साल पातळ असते. पातेल्यात सहा कप पाणी, मसूर, एक छोटा चमचा मीठ. मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही असं खूप जण म्हणतात, पण ते खरं नाही, आधी घातलेलं मीठ दाण्याच्या आतपर्यंत मुरतं आणि चव चांगली येते. शिजू देत नाही ते आंबट. टोमॅटो, लिंबू, चिंच काहीही आंबट आधी गेलं की दाण्याच्या पेशी एकमेकींना घट्ट धरून बसतात आणि तासभर उकळलं तरी मसूर कचकच लागतो. बटाट्याचंही तेच. म्हणून टोमॅटोचा मसाला आपण वेगळा केलाय आणि तो सगळं शिजल्यावरच जाणारे.

उकळी आली की वर फेस येईल, तो काढून टाका, आच कमी करा, झाकण जरा तिरकं ठेवा. वीस मिनिटांनी बटाटे आणि गाजरं टाका, साधारण इंचभर तुकडे, सगळे सारखेच, कारण लहान-मोठे असतील तर काहींचा लगदा होतो तोवर काही कच्चे राहतात. अजून वीस मिनिटं. मसुराचा दाणा दोन बोटांत धरून दाबला तर सहज चेपला पाहिजे, मध्ये कडक कणी लागता कामा नये, आणि बटाट्यात सुरी गेली की तुकडा आपोआप सुटून खाली पडला पाहिजे. दोन्ही झालं की कालचा मसाला त्यात. कढईत/डब्यात चिकटलेलं गरम पाण्याने धुऊन तेही ओता. पंधरा मिनिटं मंद आचेवर एकजीव होऊ द्या, मधेमधे तळापासून ढवळा, आणि डावाच्या पाठीने थोडा मसूर-बटाटा पातेल्याच्या कडेला दाबून मोडा, त्याने रस्सा दाट होतो, पीठ-बीठ लावायची गरज पडत नाही.

कुकरमध्ये करू का, हा प्रश्न येणारच. करू शकता, आत दाबामुळे १२० डिग्रीच्या आसपास जातं म्हणून लवकर शिजतं. पण पहिल्यांदा उघड्या पातेल्यात करा असंच मी सांगेन, काय होतंय ते डोळ्यांनी दिसतं आणि पुढच्या वेळी तुमचा अंदाज पक्का होतो.

गॅस बंद केल्यावर तासभरात रस्सा अजून घट्ट होणार कारण मसूर आणि बटाटा पाणी पितच राहतात. घाबरू नका, परत गरम करताना अर्धा-एक कप कडकडीत पाणी घाला. गार पाणी नको.

पायरी ७: भात

तांदूळ दोन-तीनदा धुवा, वीस मिनिटं भिजवा, निथळा, साडेचार कप पाणी, अर्धा चमचा मीठ. उकळी फुटली की आच अगदी बारीक, घट्ट झाकण, १२ ते १५ मिनिटं. मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचंच नाही, आतली वाफ वरच्या दाण्यांना शिजवत असते. जाड भांड्यात झाकून ठेवलेला भात अर्धा तास सहज गरम राहतो. तांदूळ जुना-नवा, जातीजातीचा असतो त्यामुळे पाणी थोडं कमी-जास्त लागेल, पाकिटावर लिहिलं असेल तर ते बघा.

पायरी ८: चव घेणं

नवीन माणूस चव घ्यायला लाजतो, किंवा एकदाच घेतो. किमान तीनदा घ्या: मसाला घातल्यावर, गॅस बंद करायच्या आधी, आणि परत गरम केल्यावर. दर वेळी स्वच्छ चमचा, आणि फुंकर मारून जरा गार करून, कारण उकळत्या घासात मीठ नीट कळत नाही. एवढ्या पातेल्याला एकूण तीन-साडेतीन छोटे चमचे मीठ लागेल, पण एकदम नका टाकू, अर्धा अर्धा चमचा टाका, ढवळा, मिनिटभर थांबा, चाखा. भातात मिसळून खाणार म्हणून नुसता रस्सा किंचित चढा असावा.

मीठ बरोबर आहे तरी काहीतरी कमी वाटतंय, सपक लागतंय, असं झालं तर बहुतेक वेळा आंबट कमी असतं. लिंबू पिळा, अर्ध्यापासून सुरुवात करा. लिंबू उकळत ठेवायचं नाही, वास उडून जातो, म्हणून वाढायच्या तोंडावर. कोथिंबीरही तेव्हाच.

पायरी ९: टेबल

एका माणसाला साधारण ६० सेंटीमीटर रुंदी लागते, म्हणजे कोपराला कोपर लागत नाही. तेवढी जागा नसेल तर जमिनीवर चादर टाकून गोल बसा, ते कितीतरी छान होतं, सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात. ज्यांना खाली बसायचा त्रास आहे त्यांना खुर्ची द्या, आणि अशा वेळी अजून एकाला तरी त्यांच्याबरोबर खुर्चीत बसवा, एकट्यालाच वर बसवलं की अवघडल्यासारखं होतं.

रस्सा आणि भात दोन्ही भांडी मध्येच. आत ठेवून ताटं भरून आणायची नाहीत. मध्ये ठेवलं की हात पुढे होतो, "जरा इकडे दे", "तुला अजून वाढू का" हे सुरू होतं आणि अनोळखी माणसंही बोलायला लागतात. पाण्याचे दोन जग, मीठ, लिंबाच्या फोडी, जास्तीचे दोन चमचे, एक फडकं, सगळं बसायच्या आधी टेबलावर आलं पाहिजे. कारण काही राहिलं की उठणार कोण? तुम्हीच. आणि तुम्ही उठायचं नाही असं ठरलंय.

टीव्ही बंद, गाणी लावलीत तर इतकी हळू की समोरच्याला आवाज चढवावा लागू नये. डोळ्यावर येणारा पांढरा लाइट असेल तर बाजूचा दिवा लावा. फोनबद्दल थोडं स्पष्ट बोलते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी ३०० हून जास्त लोकांना मित्रांबरोबर किंवा घरच्यांबरोबर जेवायला बसवून बघितलं, काहींचे फोन टेबलावर आणि काहींचे बाजूला ठेवलेले, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. फोन टेबलावर होते त्यांचं लक्ष जास्त विचलित झालं आणि त्यांना जेवणाची मजा थोडी कमी आली. पाहुण्यांना "फोन ठेवा" असं सांगणं बरं दिसत नाही, पण तुम्ही तुमचा फोन सगळ्यांसमोर दुसऱ्या खोलीत ठेवून या, निम्मे जण आपोआप खिशात टाकतात.

पायरी १०: माणसं आली

आल्या आल्या प्रत्येकाला काहीतरी काम द्या, खरंच. काकडी चिरायला, पाणी भरायला, लिंबं कापायला. बुजरा माणूस सोफ्यावर बसवला की आक्रसतो आणि ओट्याजवळ सुरी हातात दिली की बोलायला लागतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलावं लागत नाही, हात कामात असतात. स्वयंपाकघर लहान असेल तर काम बाहेर टेबलावर न्या.

वाढताना पहिला डाव कमीच घाला, नंतर परत घेता येतं. आणि एक गोष्ट कटाक्षाने टाळा: "मीठ कमी झालंय ना", "आज नीट जमलं नाही", "दर वेळी छान होतं" असलं काही म्हणायचं नाही. तुम्ही म्हटलंत की समोरच्याला घास तोंडात असताना तुमची समजूत काढावी लागते आणि त्याचं स्वतःचं जेवण बाजूला राहतं. मीठ टेबलावर आहे, ज्याला हवं तो घेईल. आग्रह एकदा जरूर करा, मनापासून करा, पण नाही म्हटलं की ऐका. कोणी का कमी खातोय, बारीक झालास, जाड झालास, हे विषय ताटावर नकोत.

बोलायचं काय हे टेन्शन घेऊ नका. जेवणच विषय काढून देतं. "तुझ्या घरी आजारी पडल्यावर काय करून द्यायचे?" हा एक प्रश्न विचारून बघा, प्रत्येकाकडे ह्याचं उत्तर असतं, आणि त्यातून आई, आजी, होस्टेल, पहिली नोकरी सगळं निघतं. जो फार बोलत नाही त्याला सगळ्यांसमोर "तू काय गप्प?" असं कधीच म्हणू नका, त्याच्या शेजारी बसा आणि हळू आवाजात त्याच्याशीच बोला. मधे शांतता झाली तर होऊ द्या. पहिला घास घेतल्यावर मिनिटभर कोणीच बोलत नाही, ती भरायची धडपड करू नका.

जेवण झालं तरी लगेच ताटं उचलायला उठायचं नाही. खरकटं ताट समोर असताना जे बोलणं होतं ते सगळ्यात मोकळं असतं, आणि एकजण उठला की सगळे उठतात आणि ते संपतं. फळं तिथेच आणून ठेवा, बोलता बोलता सोलली जातात. फक्त रस्सा आणि भाताकडे लक्ष असू द्या, त्याचं पुढे सांगते.

काही बिघडलं तर

तळाला लागलं, करपल्याचा वास आला: ढवळू नका! गॅस बंद करा आणि वरचं वर दुसऱ्या पातेल्यात ओता, तळ खरवडायचा नाही. बहुतेक वेळा वरचा रस्सा वाचतो. खारट झालं: बटाटा टाकला की मीठ शोषून घेतो असं सांगतात, पण बटाटा मिठाबरोबर पाणीही पितो त्यामुळे उरलेला रस्सा तेवढाच खारट राहतो. गरम पाणी आणि थोडा वेगळा शिजवलेला मसूर घाला, लिंबू पिळा, आणि भात अळणी करा. पातळ झालं: झाकण काढून आच वाढवा, मसूर मोडा. भात चिकट झाला: काही करू नका, मऊ भात आणि दाट रस्सा चांगलाच लागतो. माणसं उशिरा आली: काहीच बिघडत नाही, पदार्थच तसा निवडलाय.

उरलेलं

शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये जंतू सगळ्यात झपाट्याने वाढतात. भाताची जास्त काळजी घ्या. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला तर ते जागे होऊन जे विष तयार करतात ते परत गरम केल्यानेही जात नाही. म्हणून गप्पा कितीही रंगल्या तरी दहाच्या आत एकदा उठून दोन्ही पसरट डब्यांत भरा, पसरट म्हणजे लवकर गार होतं, आणि फ्रिजमध्ये टाका. तुमचं एकदाच उठणं इथे चालतं. भात दुसऱ्या दिवशी संपवा, रस्सा तीन दिवस चांगला राहतो, दुसऱ्या दिवशी तर जास्त मुरलेला लागतो. खाताना वाफा येईपर्यंत पूर्ण गरम करायचा.

एकटं राहणाऱ्याला रस्सा डब्यात भरून द्या, पण घर जवळ असेल तरच, आणि घरी गेल्या गेल्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगा. भात देऊ नका, तो तिथे ताजा करेल. भांडी घासायला कोणी थांबतो म्हणाला तर थांबू द्या, एक घासेल एक पुसेल, नाही तर पातेल्यात गरम पाणी आणि साबण घालून ठेवा आणि सकाळी बघा. डबा परत द्यायच्या निमित्ताने पुढच्या वेळी कोणाच्या घरी जमायचं ते दारातच ठरवून टाका, आणि त्याने स्वयंपाक येत नाही म्हणून सांगितलं तर हा मसाला आदल्या रात्री त्याच्याबरोबर बसून करून द्या.